मालनबाईंच्या मुलीची जट

माझ्या डोक्याचे निर्णय मी स्वतः घेते, आणि घेते ते पूर्ण प्लॅनिंग करून घेते! कुणीतरी म्हणालं म्हणून पार्लरमध्ये घुसले आणि मग आरशासमोर मुळुमुळु रडत बसले, असल्यांतली मी नाही. ड्रेडलॉक्स, म्हणजे डोकंभर दोरीसारख्या घट्ट बटा, करायचे असं ठरवल्यावर मी सगळ्यात आधी आईचं वेळापत्रक बघितलं.

ते का बघितलं, हे कळायला आधी आई कळायला हवी. माझ्या आईचं नाव मालन. महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होती, आता निवृत्त आहे. वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीपासून पार लालबाग-परळपर्यंत तिला ‘जटावाल्या मालनबाई’ म्हणतात. तिला जटा नाहीत. ती जटा काढते! एखाद्या बाईच्या केसांचा गुंता झाला, घरच्यांनी ‘देवी आली’ म्हणून त्याला हळदकुंकू वाहिलं आणि ती बिचारी वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर घेऊन फिरायला लागली, की आई तिच्या घरी जायला लागते. कात्रीचं नावसुद्धा काढत नाही. मान दुखते का विचारते, कुशीवर झोपता येतं का विचारते, खाज येते का विचारते. असे महिनेच्या महिने जातात. शेवटी एक दिवस ती बाईच म्हणते, “ताई, नको झालंय.” मग आई पिशवीतून कात्री काढते. कुणाही बाईच्या डोक्याला तिच्या मर्जीविरुद्ध हात लावायचा नाही, हा तिचा नियम.

आणि अशा बाईच्या एकुलत्या एका मुलीला, म्हणजे मला, प्रितीला, ड्रेडलॉक्स हवे होते! लहानपणी आईबरोबर जायचे तेव्हा त्या बायकांच्या जटांची मला भीती वाटायची. आणि खोटं कशाला बोलू, थोड्या आवडायच्याही. माझे स्वतःचे केस म्हणजे अगदी सरळ, चप्प, चोपून बसलेले. लोअर परळच्या ऑफिसात मी डिझायनर आहे. तिथे एकीचे केस जांभळे, एकीचे अर्धे भादरलेले, आणि मी आपली शाळेच्या ओळखपत्रातल्या फोटोसारखी!

तर प्लॅन असा होता. आई साताऱ्याकडे शिबिराला गेली होती, ती महिनाभर येणार नव्हती. तेवढ्यात लॉक्स करून घ्यायचे, ते नीट बसू द्यायचे, आणि ती आली की तिला शांतपणे बसवून समजवायचं. त्यासाठी मी स्लाइड्ससुद्धा केल्या होत्या! पहिल्या स्लाइडवर लिहिलं होतं, ‘घाबरू नकोस.’

माझी मैत्रीण नम्रता गिरगावात राहते आणि शूटिंगवाल्यांचे केस करते. तिने माझी वेणी सोडली, केस हातात घेतले आणि डॉक्टरने रिपोर्ट बघून करावा तसा चेहरा केला.

“प्रिती, तुझं डोकं चुकीचं आहे.”

“म्हणजे काय यार?”

“अगं, डोकं बघून पद्धत ठरते. कुरळे केस असले ना, की अर्धं काम झालेलंच असतं. नुसते बोटाने पिळले तरी एकमेकांना धरून बसतात. लाटदार केस असले तर बट पिळायची, मधून दोन भागांत फाडायची, परत पिळायची, परत फाडायची. गाठ आपोआप मुळाशी सरकत जाते. आणि तुझे हे! सरळ, गुळगुळीत, वर जन्मभर खोबरेल तेल! ह्याच्यावर माशी बसली तर घसरून पडेल.”

“मग काहीच नाही का होणार?”

“होईल. तीनदा शाम्पू, मग मुळापर्यंत उलटा कंगवा, मग क्रोशाची सुई. पण दुखेल हां. नाहीतर एक सोपी पद्धत आहे. काहीच करायचं नाही! विंचरायचं नाही, तेल नाही, नुसतं पडून राहू द्यायचं. आपोआप गुंता होतो. पण त्याला वेळ लागतो आणि वास येतो.”

मी क्रोशा निवडला. दुखणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं! नम्रता एकेका बटेत सुई खुपसायची, आतून केस ओढायची, परत खुपसायची. माझ्या डोळ्यांतून पाणी, तिच्या तोंडून शिव्या. संध्याकाळी आरशात बघितलं तर डोक्यावर पायपुसणं उसवून बांधल्यासारखं दिसत होतं. नम्रता म्हणाली की काही आठवड्यांनी बसतील, मग छान दिसतील. मला मात्र ते आत्ताच भयंकर आवडले! मी मान इकडून तिकडे हलवली, लॉक्स गालांवर फटाफट आपटले आणि तेवढ्यात फोन वाजला.

“प्रिती! उद्या सकाळी घरी पोचते मी,” आई म्हणाली.

“उद्या? शिबिराचं काय?”

“अगं, रविवारी दादरला माझा सत्कार ठरलाय! आणि त्याहून मोठी बातमी ऐक. बकुळा तयार झाली!”

बकुळामावशी माझगावच्या. त्यांची जट कमरेखाली जाते. आई त्यांच्याकडे किती काळ जात होती, ते तिलाच ठाऊक. प्रत्येक वेळी मावशी तयार व्हायच्या आणि त्यांचे यजमान कोंडीराम देवीच्या कोपाची भीती घालायचे. कोंडीरामकाका गोदीतून निवृत्त झालेले, आवाज अजून भोंग्याच्या वरचा.

“आणि ती म्हणते, चार लोकांसमोरच काढा,” आई सांगत होती. तिचा आवाज आनंदाने चिरकत होता. “म्हणजे नंतर कुणी मला एकटीला गाठून दोष देणार नाही, म्हणते. प्रिती, रविवारी तू स्टेजवर माझ्या शेजारी बसायचंस हां!”

मी फोन ठेवला आणि नम्रताकडे बघितलं. “काढ.”

“काय काढ?”

“सगळं काढ! आत्ताच्या आत्ता!”

“येडी झालीस? आता एकेक केस सोडवायला आठवडा जाईल. आणि मला उद्या पहाटे शूटला निघायचंय, जंगलात, रेंज नाही!” तिने तिची क्रोशाची सुई माझ्या हातात ठेवली. “ही घे. खाज आली की हिने खाजव. नखं लावू नकोस.”

दुसऱ्या दिवशी आई आली तेव्हा मी डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभी होते.

“काय गं, न्हालीस?”

“मेहंदी लावलीय!”

“बरं केलंस.” आईने पिशव्या आत घेतल्या, बकुळामावशींचं कौतुक सांगितलं, चहा घेतला, परत बकुळामावशींचं कौतुक सांगितलं. दुपारी जेवताना म्हणाली, “धुवायची नाही का मेहंदी?”

“ही नवीन आहे. जास्त वेळ ठेवायची असते.”

रात्री म्हणाली, “प्रिती, मेहंदी आहे का सिमेंट?”

“ऑरगॅनिक आहे!” मी म्हणाले. कुठलीही गोष्ट अंगाशी आली की ती ऑरगॅनिक आहे असं सांगायचं, हे आमच्या ऑफिसात शिकवतात. आईने टॉवेलकडे जरा जास्त वेळ बघितलं. मी टॉवेलासकट झोपले. झोपले म्हणजे काय, छताकडे बघत पडले! स्टेजवर टॉवेल कसा चालणार? स्कार्फ बांधला तर? स्कार्फ सुटला तर? स्टेजवर शेकडो माणसांसमोर, जटामुक्तीच्या बॅनरखाली, मालनबाईंची मुलगी जटा घेऊन! आणि टॉवेलखाली डोक्याला अशी खाज सुटली की विचारू नका.

सकाळी आई भाजीला गेली आणि मी गॅलरीत धावले. टॉवेल उपटून टाकला, वारा घेतला आणि सुई डोक्यात घालून डोळे मिटून खाजवायला लागले. आहाहा! त्या सुखात मी बहुतेक डोलतही होते.

“अगो बाय माझे!”

मी डोळे उघडले. समोरच्या खोलीतल्या शांताकाकू हातात पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या. काकू मालवणच्या, देवभोळ्या, पण जिवाला जीव देणाऱ्या. माझ्या जन्मापासून मला ओळखतात.

“काकू, हे फॅशनचं आहे...”

“गप ऱ्हव गो! बोला नको! अंगात येता तेव्हा बोलूचा नसता!” त्यांनी ताटातलं हळदकुंकू उचललं आणि माझ्या डोक्यावर टाकलं. मूठभर! “आई, चूक झाली तर पोटात घाल गो! आमची मालन वायट नाय. काम करता ता लोकांच्या भल्यासाठी करता!”

“काकू, सुईने केलंय! ही बघा सुई!”

ते ऐकायला काकू होत्या कुठे? गॅलरीच्या टोकाला पोचल्या होत्या. त्यांच्यामागून मला एवढंच ऐकू आलं, “...मालनच्या घरात! जिने सगळ्यांच्या कापल्या तिच्याच पोरीक!”

आमच्या चाळीत गॅस सिलिंडर वर यायला वेळ लागतो, बातमीला लागत नाही. महिला मंडळाच्या ग्रुपवर, समोरच्या चाळीतून कुणीतरी कुंकू पडतानाच टिपलेला माझा फोटो पडला. त्यात डोळे मिटलेले, तोंड उघडं, हातात सुई, डोक्यावर कुंकू! मी स्वतः तो बघून दचकले. तो वरळीहून परळला गेला, परळहून लालबागला आणि आई मेथीची जुडी घेऊन घरात शिरेपर्यंत माझगावला पोचला.

आईने जुडी ठेवली आणि तिचा फोन वाजला. तिचे हात मातीचे होते म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

“मालनबाई!” कोंडीरामकाकांचा आवाज अख्ख्या खोलीत घुमला. “आमच्या बकुळाची काढायला निघालात ना? आधी तुमच्या पोरीची बघा!”

“पोरीची काय बघू?”

“देवी तुमच्याच घरात आली! सगळ्या मुंबईला ठाऊक झालंय, आणि तुम्हाला नाही?”

आई हळूच माझ्याकडे वळली. मी घाईघाईने परत गुंडाळलेल्या टॉवेलाच्या कडेला कुंकवाचा लाल पट्टा दिसत होता.

मी काही बोलायच्या आत फोनवर बकुळामावशींचा आवाज आला. त्या रडत होत्या. “ताई, माझ्यापायी झालं हो हे. मी हो म्हणाले आणि कोप तुमच्या लेकरावर आला. मी माझी ठेवते ताई. मरेपर्यंत ठेवते. पोरीला काही व्हायला नको.”

मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी टॉवेलासकट आत जावं! ती बाई माझ्यासाठी, माझ्या फॅशनसाठी, ते ओझं जन्मभर वाहायला तयार झाली होती.

“बकुळा,” आई म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि तो शांत झाला की मला जास्त भीती वाटते. “रविवारी ये. काढायला नको येऊस. पोरीला बघायला ये. येशील ना?”

“येते. ओटी घेऊन येते तिची.”

फोन बंद झाला. आईने हात धुतले, पुसले, माझ्यासमोर स्टूल ओढून बसली आणि टॉवेल काढला. एकेक लॉक हातात धरून तिने मुळापासून टोकापर्यंत तपासला.

“कुणी केल्या?”

“नम्रताने. गिरगावात.”

“कशाने?”

मी सुई पुढे केली. आईने सुईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ती रडायला लागली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं! मीही रडायला लागले.

“आई, काप. आत्ता काप. मला नकोत!”

“आता कापून काय करू?” तिने पदराने डोळे पुसले. “आता कापल्या तर म्हणतील मालनने घाबरून पुरावा संपवला. आणि काय गं, मला सांगायचं नव्हतं?”

“सांगणार होते. स्लाइड्स केल्या होत्या.”

“काय केलं होतंस?”

“जाऊ दे.”

रविवारी दादरचं सभागृह गच्च भरलं होतं. एवढी गर्दी सत्काराला होत नसते. निम्मी माणसं मला बघायला आली होती! मी स्टेजवर आईशेजारी उघड्या डोक्याने बसले होते, कारण आईने स्कार्फ काढून स्वतःच्या पिशवीत ठेवला होता. पुढच्या रांगेत शांताकाकू हात जोडून. त्यांच्या शेजारी बकुळामावशी, पदराखाली ती जट गुंडाळून मांडीवर घेतलेली, लेकरू घ्यावं तशी. त्यांच्या पलीकडे टोपी घातलेले कोंडीरामकाका.

शाल झाली, पुष्पगुच्छ झाला, पाहुण्यांचं भाषण झालं. भाषणभर पाहुणे माझ्याकडे बघायचं टाळत होते. मग मावशी ओटी घेऊन स्टेजवर आल्या आणि सरळ माझ्या पाया पडायला वाकल्या! मी खुर्चीतून उडीच मारली.

“मावशी, नको हो! मी प्रिती आहे! ऑफिसात जाते मी!”

आईने माइक हातात घेतला. “माझ्या मुलीने हे केस गिरगावात जाऊन, सुईने, हौसेने करून घेतलेत. ह्यात देवी नाही.”

“कशावरून?” कोंडीरामकाका उभे राहिले. त्यांना माइकची गरज नव्हती. “पोरगी तुमची. तुम्ही शिकवाल तेच बोलणार! केलेत ना माणसाने? मग करून दाखवा! इथं, सगळ्यांसमोर!”

टाळ्या पडल्या. आईने माझ्याकडे बघितलं. मी नम्रताला फोन लावला. रेंज नाही! म्हणजे करायचं कुणी? मीच! मी ते काम आयुष्यात केलं नव्हतं, फक्त आरशात बघितलं होतं आणि तेही रडत रडत.

सत्कार करणाऱ्या संस्थेची सेक्रेटरी मेघना मोठ्या उत्साहाने पुढे येऊन बसली. “माझ्यावर कर गं, बिनधास्त!” मी तिचे केस हातात घेतले. सरळ! त्यातून स्ट्रेटनिंग केलेले! त्यातून आज कार्यक्रम म्हणून सीरम लावलेलं! मी उलटा कंगवा मारला, गुंता झाला, हात सोडला, गुंता सुटला. परत मारला, परत सुटला. सुई घातली, तर ती लोण्यात घातल्यासारखी आरपार गेली. मेघनाचे केस जाहिरातीतल्यासारखे झुळझुळ खाली आले.

“जमत नाहीये,” मागून कुणीतरी म्हणालं.

“कसं जमेल? देवीचं काम आहे ते!”

सभागृहात कुजबुज वाढली. मी मान वर केली तर बकुळामावशी ओटीचं ताट छातीशी धरून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या, आणि आई... आईचा चेहरा मला बघवला नाही. इतक्या बायकांची समजूत घातली होती तिने, आणि त्यांतल्या कितीतरी त्या सभागृहात बसल्या होत्या. त्या सगळ्या आता आपापल्या डोक्यावरून हात फिरवत होत्या.

“बघा!” कोंडीरामकाका स्टेजच्या पायऱ्या चढून आले. “माणसाच्या हातून होत नाही! हिचेच केस निसटते आहेत म्हणालात तर घ्या, माझ्या डोक्यावर करा! मी नाही म्हणतो का? करा!”

आणि त्यांनी टोपी काढली.

मी बघतच राहिले. कुरळे! दाट, राठ, बारीक बारीक वळणांचे, तेलाचा थेंब न लागलेले! नम्रताने असं डोकं बघितलं असतं तर तिने आनंदाने आरोळी ठोकली असती!

“बसा काका,” मी म्हणाले. माझा आवाज एकदम बदलला होता.

मी कपाळावरची बट धरली. पिळली, फाडली, परत पिळली, परत फाडली. गाठ मुळाशी सरसर गेली. सुई आत घातली, केस धरला, ओढला. “आई आई आई!” काका ओरडले, पण मी आता ऐकणार होते थोडीच? परत आत, परत बाहेर. सगळं सभागृह माना उंचावून बघत होतं. मी हात सोडला. काकांच्या कपाळावर अंगठ्याएवढी, घट्ट, टणक जट उभी होती. तीही सरळ वर!

कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळं सभागृह हसलं. काकांनी जट चाचपली, ओढली, पिळली. ती जागची हलली नाही.

“निघत नाही ही!”

“नाही निघायची काका. घट्ट बसली.”

“विंचरून?”

“आता विंचरलं तर केस तुटतील.”

“मग कापा की! मालनबाई, कात्री घ्या! बघता काय?”

आईने पिशवीत हात घातला.

“थांबा ताई,” बकुळामावशी म्हणाल्या. त्या स्टेजवरच, ओटीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि नवऱ्यासमोर गेल्या. “लगेच कशी कापायची? आधी शुक्रवार धरा. साबण लावायचा नाही. कंगव्याला शिवायचं नाही. उशाला काही घ्यायचं नाही. आणि कुणी पाया पडायला आलं की गप उभं राहायचं, मान दुखली तरी.”

“येड लागलं का तुला? माणसानं केलीय ही! तुझ्यासमोर केली, सुईनं!”

“मग माझी काय आभाळातून पडली?”

कोंडीरामकाकांनी टोपी घालायला घेतली, ती जटेवरच अडकली.

“धाकट्याच्या वेळी मी अंथरुणाला खिळले होते,” मावशी म्हणाल्या. त्या आता नवऱ्याशी बोलत नव्हत्या, सगळ्यांशी बोलत होत्या. “उठवत नव्हतं. केस विंचरायला कुणी नव्हतं. गुंता झाला. मी ह्यांना म्हणाले, जरा सोडवून द्या. हे म्हणाले, देवी आली. सोडवायला बसायचा कंटाळा, दुसरं काय!”

नम्रताची सोपी पद्धत मला आठवली. काहीच करायचं नाही, नुसतं पडून राहू द्यायचं.

मावशी खुर्चीत बसल्या. पाठ ताठ, हात मांडीवर. “ताई, आधी माझी काढा. मग ह्यांची.”

आईने कात्री चालवली तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. तो आवाज बराच वेळ येत होता. ती जट खाली पडली तेव्हा धप्प झालं. मावशींनी मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या बाजूला, मग वर छताकडे बघितलं आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. आई त्यांना धरून रडायला लागली. शांताकाकू तर आधीपासूनच रडत होत्या. कोंडीरामकाका बाजूला, कपाळावरची जट मुठीत लपवून, रांगेत उभे होते.

कार्यक्रम संपला आणि मी स्टेजमागच्या खोलीत एकटी बसले होते. आईने बाहेर सगळ्यांना सांगून टाकलं होतं की प्रितीचं डोकं आहे, तिची मर्जी आहे, ठेवेल नाहीतर काढेल. मी जिंकले होते! काढायची काही गरज नव्हती, लपवायची तर मुळीच नव्हती. मी आरशात बघून मान हलवत होते, तेवढ्यात बकुळामावशी आत आल्या. केस मानेपर्यंत, चेहरा दहा वर्षांनी लहान. शेजारी बसल्या आणि माझा हात हातात घेतला.

“पोरी, मान दुखते का?”

“नाही मावशी. हलके आहेत तसे.”

“खाज?”

“थोडी. पण त्याला सुई आहे.”

“रात्री झोप लागते?”

“कुशीवर जरा टोचतं. पण होते सवय.” मग मी त्यांना नीट समजावून सांगितलं. की हे वेगळं आहे. हे माझ्या मर्जीचं आहे. माझ्यावर कुणाची सक्ती नाही, मला काही त्रास नाही, उलट मला ह्यांच्यात छान वाटतं, आणि काढावंसं वाटलं की मी केव्हाही काढू शकते.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या हातावर हळूच थोपटलं आणि म्हणाल्या, “मीपण मालनताईंना हेच सांगायचे.”